नात्याच्या रकान्यात काय लिहायचं?

"माझं वय ५८. सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. एकुलती एक मुलगी ३१ वर्षांची, पुण्यात नोकरीला आहे. पाच वर्षं ती एका मैत्रिणीबरोबर राहते. गेल्या गणपतीत तिने सांगितलं, की ती नुसती मैत्रीण नाही, आम्ही दोघी एकमेकींच्या जोडीदार आहोत आणि यंदा तुळशीच्या लग्नानंतर आम्हाला घरच्या घरी लग्न करायचंय. ती मुलगी वाईट नाही. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तीन रात्री माझ्या खाटेशेजारी खुर्चीत बसून होती. पण आमचे हे माळकरी, दर वर्षी वारी करतात. हे ऐकल्यापासून त्यांनी लेकीशी बोलणं टाकलंय. धाकटे दीर म्हणतात, हे बेकायदा आहे, पोलीस येतील, धर्मात बसत नाही, आधी तिला डॉक्टरकडे नाहीतर देवऋष्याकडे न्या. फ्लॅट मुलीच्या एकटीच्या नावावर आहे, हप्ता दोघी मिळून भरतात, त्यावरूनही दीर बोलतात. मी जाऊ की नको? गेले तर गावात तोंड कसं दाखवू? आणि एक राहिलंच. ओटी भरायची झाली तर कोणाची भरायची?"
– एक आई

ताई,

आधी पोलिसांचं सांगते. ती भीती पोटात असेपर्यंत पुढचं काहीच तुमच्या डोक्यात शिरणार नाही. पोलीस येणार नाहीत. दोन सज्ञान बायकांनी एकत्र राहणं, घरात चार माणसांसमोर एकमेकींना हार घालणं, हा आपल्या देशात गुन्हा नाही. तुमच्या दिरांच्या मनात जे आहे ते कलम ३७७. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत ते घातलं होतं. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये ते सज्ञान माणसांच्या खाजगी आयुष्यापुरतं बाजूला केलं, सुप्रीम कोर्टाने २०१३ च्या डिसेंबरात पुन्हा उभं केलं. दिरांनी बहुधा ती २०१३ ची बातमी ऐकलेली असावी आणि तीच मनात धरून ठेवली असावी. त्यानंतर ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की सज्ञान माणसांच्या आपखुशीच्या संबंधांना हे कलम लागणार नाही. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर ते कलमच नाही.

उद्या दिरांनी रागाच्या भरात चौकीवर जाऊन "पुतणी हरवली आहे, तिला कोणी फूस लावून नेलंय" अशी तक्रार दिली, तरी ३१ वर्षांच्या मुलीने "मी माझ्या मर्जीने इथे राहते" एवढं सांगितलं की विषय संपायला हवा. 'हवा' म्हणते, कारण काही ठिकाणी पोलीस अशा मुलींना समजावून आईबापांकडे पाठवायला बघतात. मद्रास हायकोर्टासमोर २०२५ च्या मे महिन्यात असंच एक प्रकरण आलं होतं. घरच्यांनी अडकवून ठेवलेल्या पंचविशीतल्या मुलीला न्यायमूर्तींनी तिच्या मनासारखं जायला मोकळं केलं. कुटुंब लग्नानेच होतं असं नाही, निवडूनही कुटुंब होतं, असं त्या निकालात स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा दिरांना सांगा, चौकीची पायरी चढू नका.

आता दुसरी गोष्ट, ती तितकी सोपी नाही. गुन्हा नाही याचा अर्थ कायद्याने ते लग्न धरलं जातं असा नाही. तुमची लेक आणि तिची जोडीदार हार घालतील, सप्तपदी चालतील, फोटो काढतील, पण सरकारदरबारी दुसऱ्या दिवशीही दोघी अविवाहितच राहतील. विवाह नोंदणी कार्यालयात त्यांची नोंद होणार नाही. नोटरीकडे जाऊन स्टॅम्पपेपरवर 'विवाह करार' करून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट भेटतील. त्या कागदाने लग्न होत नाही. हे पैसे वाचवा, पुढे दुसऱ्या कागदांना लागणार आहेत.

हे असं का, तेही सांगते, कारण तुमच्या लेकीने तुम्हाला "कोर्टात गेलं होतं ना ते सगळं" असं काहीतरी सांगितलं असेल. गेलं होतं. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत सुप्रीम कोर्टात दहा दिवस सुनावणी झाली. मागणी अशी होती, की १९५४ चा विशेष विवाह कायदा, म्हणजे ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतो तो, समलिंगी जोडप्यांनाही लागू करा. सरकारने विरोध केला. कोर्टात दिलेल्या म्हणण्यात सरकारने असंही मांडलं, की ही मागणी शहरी उच्चभ्रू लोकांची आहे. ताई, तुमचं पत्र हातात घेतलं तेव्हा मला ते वाक्य आठवलं. लिफाफ्यावर तुमच्या तालुक्याच्या पोस्टाचा शिक्का आहे. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी निकालात याचं उत्तर दिलं आहे. शेतात राबणारी बाईही अशी असू शकते, ही गोष्ट शहराची किंवा पैसेवाल्यांची नाही, असं त्यांनी लिहिलं.

पण १७ ऑक्टोबर २०२३ चा तो निकाल हाती आला तेव्हा त्यात लग्न नव्हतं. पाचही न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं, की लग्न करण्याचा हक्क हा संविधानातला मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायदा कोर्टाला नव्याने लिहिता येत नाही, ते काम संसदेचं. लग्न नाही तर निदान कायद्याने मानलेलं नातं द्या, दोघांना मिळून मूल दत्तक घेता येऊ द्या, यावर मतं फुटली. चंद्रचूड आणि न्या. कौल एकीकडे, बाकी तिघं दुसरीकडे. तिघांचं बहुमत ठरलं. फेरविचाराच्या याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या. आता दार उघडायचं तर ते संसदेनेच. जगात पस्तिसाहून जास्त देशांनी ते उघडलं आहे. २००१ मध्ये नेदरलँड्सने सुरुवात केली, आशियात तैवान २०१९ मध्ये आणि थायलंड २०२५ च्या जानेवारीत. आपल्या शेजारी नेपाळमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात अशा एका जोडप्याची पहिली नोंद झाली. पण आपल्या लेकींनी तिकडे जाऊन लग्न केलं, तरी इथे परतल्यावर त्या कागदाला सध्या वजन नाही.

एवढं सगळं मी तुम्हाला का सांगत बसले? "मी लग्नाला जाऊ की नको" हा तुमचा प्रश्न आहे. त्याच्यामागे एक मोठा प्रश्न उभा आहे, तो तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात फ्लॅटच्या एका ओळीत येऊन गेलाय.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री एका गृहस्थांचा मला फोन आला. चाळिशीतले दोघं पुरुष, बारा वर्षं एका घरात राहिलेले. एकाला मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा दुसरा काउंटरपाशी उभा होता. पुढ्यात भरतीचा फॉर्म. त्यावर 'रुग्णाशी नातं' असा एक रकाना. त्याने आधी काही लिहिलं होतं, ते खोडलं होतं आणि त्याच्यावर 'मित्र' लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत सरकवला आणि म्हणाली, "सर, नातेवाइकाची सही लागेल." तिचा काय दोष, तिला जे शिकवलं ते ती करत होती. त्या गृहस्थाच्या हातात गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी होती, सकाळ-दुपार-रात्रीचे कप्पे असलेली. कोणती गोळी रक्तदाबाची, कोणतीची ॲलर्जी, हे त्या इमारतीत फक्त त्याला माहीत होतं. भाऊ परगावाहून येईपर्यंत नऊ तास गेले. ती सगळी रात्र हा माणूस ती डबी धरून बाकावर बसून होता. पहाटे भाऊ आला आणि सही झाली. तिसऱ्या दिवशी रुग्ण गेला.

तेराव्यानंतर भावाने घराचं कुलूप बदललं. घर गेलेल्याच्या नावावर होतं आणि मृत्युपत्र नव्हतं. बारा वर्षांच्या संसारातले स्वतःचे कपडे त्या गृहस्थाला मागून न्यावे लागले. मी वकील म्हणून त्याच्याबरोबर होते, पण कोर्टात पुढे ठेवायला त्याच्याजवळ एकही कागद नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे अशी जोडी आली, की मी आधी पेढा घेत नाही, आधी विचारते, मृत्युपत्र केलंत का?

आता तुमच्या घराचा हिशेब बघा. फ्लॅट लेकीच्या नावावर. देव करो आणि तसं कधी न होवो, पण उद्या तिचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिच्या स्वकष्टाच्या मालमत्तेचे वारस तुम्ही दोघं, आई आणि वडील. पाच वर्षं अर्धा हप्ता भरणारी मुलगी त्या घरात परकी ठरेल. आणि तुम्ही दोघंही नसाल तेव्हा? तुम्हाला दुसरं मूल नाही. मग कायदा लेकीच्या वडिलांचे वारस शोधायला निघतो. वडिलांचे आईवडील हयात नसतील तर ते वारस म्हणजे त्यांची भावंडं. म्हणजे तुमचे धाकटे दीर. त्यांच्या मनात तसलं काही आहे असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत नाही. पण फ्लॅटवरून ते बोलतात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून हे तुम्हाला माहीत असायला हवं.

याचा अर्थ असा, ताई, की सरकारने हे नातं मानलं नाही तेव्हा त्या नात्याच्या किल्ल्या आपोआप तुमच्या हातात आल्या. हॉस्पिटलचा फॉर्म तुमच्यापुढे येईल, वारस दाखल्यावर तुमचं नाव लागेल, त्या मुलीला घरात राहू द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवाल. तिच्यावर तुमची एवढी सत्ता असेल, आणि ती बिचारी तीन रात्री तुमच्या खाटेशी बसली तेव्हा तिला हे ठाऊकही नसेल.

म्हणून लग्नाच्या यादीत साड्यांच्या आधी पुढची कामं लिहा.

दोघींनी आपापलं मृत्युपत्र करायचं. त्याला स्टॅम्प ड्युटी लागत नाही. साध्या कागदावरही होतं, पण सब-रजिस्ट्रारकडे नोंदवून टाका, त्याची फी फार नसते. दोन साक्षीदार लागतात. घर जिच्या नावे करायचं तिने साक्षीदार होऊ नये. वकील मंडळी सहसा सांगतात, साक्षीदार वयाने लहान घ्या, म्हणजे पुढे कोर्टात उभे राहू शकतील. एक तसा घ्याच, ओळखीचा डॉक्टर असेल तर उत्तम. पण दुसरी सही माझं ऐकाल तर तुमची असू दे. जिला कायद्याने वारसा मिळाला असता तीच आई साक्षीदार म्हणून सही करते, तेव्हा "मुलीला फसवून लिहून घेतलं" असं म्हणायला मागे कोणी उभं राहू शकत नाही. यजमान तयार झाले तर त्यांनी आपली हरकत नसल्याचं वेगळ्या कागदावर लिहून द्यावं.

कोणी म्हणेल, मृत्युपत्र कशाला, आत्ताच अर्धा फ्लॅट बक्षीसपत्राने देऊन टाकू. थांबा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलांना, नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. या दोघी कायद्याच्या नजरेत परक्या, त्यांना विक्रीसारखं पूर्ण शुल्क. शिवाय नातेवाइकाकडून आलेल्या भेटीवर प्राप्तिकर नाही, पण परक्याकडून ५० हजारांच्या वर आलं तर ते घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात. याच भेदभावाविरुद्ध एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टात याचिका केली आहे. तोवर मृत्युपत्रच बरं.

नॉमिनीवर विसंबू नका. बँकेत, सोसायटीत, शेअरमध्ये नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा विश्वस्त, मालक नव्हे. विम्यात थोडा फरक आहे. आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर पैसा त्यांचा होतो, मैत्रीण नॉमिनी असेल तर वारस मागायला येऊ शकतात. म्हणून नॉमिनीत नाव घाला आणि तेच मृत्युपत्रातही लिहा. संयुक्त बँक खातं मात्र लगेच उघडा. केंद्राच्या अर्थ खात्याने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट कळवलं आहे, की अशा जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. शाखेत कोणी नाही म्हटलं तर ते पत्र दाखवायचं. रेशनकार्डासाठीही त्यांना एक कुटुंब धरा, असं केंद्राने राज्यांना सांगितलं आहे. आणि आरोग्य खात्याने २१ ऑगस्ट २०२४ ला राज्यांना लिहिलं, की जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात मिळावं. 'जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा.' म्हणजे इथेही तुम्ही आधी.

हॉस्पिटलचं काय? शुद्धीत असलेल्या सज्ञान माणसाची संमती त्याची स्वतःची असते, हे दोघींना ठणकावून सांगायला शिकवा. शुद्ध नसेल तेव्हासाठी दोन कागद आहेत. एक, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलेलं आणि २०२३ मध्ये सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्र. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होतं. यंत्रांवर किती काळ ठेवायचं यासारख्या निर्णयात कोणाचं ऐकायचं ते नाव त्यात लिहिता येतं. दुसरा, मानसिक आरोग्यासाठीच्या २०१७ च्या कायद्यात कोणत्याही सज्ञान व्यक्तीला मानसिक उपचारांपुरता साध्या कागदावर आपला प्रतिनिधी नेमता येतो, तो नात्यातलाच हवा असं नाही. मुखत्यारपत्राचा मात्र इथे भरवसा धरू नका, माणसाची समज गेली की त्याचा जोर जातो आणि मृत्यूबरोबर ते संपतं. या सगळ्याच्या वर आणखी एक कागद तुम्ही लिहा. "माझ्या मुलीच्या उपचारांबाबत आम्ही पोचेपर्यंत हिचं ऐकावं," आणि खाली आईची सही, फोन नंबर. कायद्याने तो कितपत चालेल हा वेगळा प्रश्न, पण रात्री दोन वाजता काउंटरवरच्या मुलीला तेवढा आधार पुरतो, हे मी पाहिलं आहे.

"डॉक्टरकडे न्या" याला माझं उत्तर एका श्वासात देते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तो आजारांच्या यादीतून काढला. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसंच जाहीर केलं आहे. 'बरं करतो' म्हणून औषधं किंवा शॉक देणारा डॉक्टर आपल्या परवान्याशी खेळतो, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आणि देवऋषी? अंगातलं काढतो म्हणून मारहाण, धुरी, चटके देणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो कायदा व्हावा म्हणून एका माणसाने आयुष्य वेचलं आणि त्यासाठी जीव गमावला, हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. लेकीला त्या दारात नेऊ नका. एवढी एक गोष्ट माझी ऐकाच.

आता धर्म. इथे मी तुम्हाला गोड गोड सांगणार नाही. शास्त्रात दोन स्त्रियांचं लग्न सांगितलेलं नाही. मनुस्मृतीत एका कन्येने दुसरीशी संबंध केला तर दोनशे पण, म्हणजे तेव्हाची नाणी, दंड आणि दहा फटके सांगितलेत. पुरुषांबद्दल एका ठिकाणी जातिभ्रंश म्हटलंय आणि दुसऱ्या ठिकाणी अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान. म्हणजे ही माणसं तेव्हाही होती, पाश्चात्त्यांकडून आलेली नाहीत, आणि ग्रंथकाराला ती पसंत नव्हती. दोन्ही खरं आहे. २०२३ च्या जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवतांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींची कथा सांगून म्हटलं, अशी माणसं पूर्वीपासून आहेत, त्यांनाही जगायचा हक्क आहे. दोनच महिन्यांनी संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे म्हणाले, विवाह हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांतच होतो. जमियत उलेमा-ए-हिंद सुप्रीम कोर्टात विरोधाला उभी राहिली. पोप फ्रान्सिस यांच्या काळात व्हॅटिकनने २०२३ च्या डिसेंबरात अशा जोडप्यांना आशीर्वाद द्यायला पाद्र्यांना मुभा दिली, पण लग्न म्हणायला नाही. सगळ्या धर्मांतली जाणती माणसं याच उंबऱ्यावर अडली आहेत: माणूस चालेल, लग्न नको.

विवाह हा संस्कार आहे, प्रजा आणि कुळधर्म त्याच्याशी बांधलेले आहेत, हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. तुमच्या यजमानांना ते मनापासून वाटत असेल. पण याच महाराष्ट्रात लग्न म्हणजे काय यावर किती भांडणं झाली ते आठवा. त्याच मनुस्मृतीत विधवेच्या पुनर्विवाहालाही जागा नाही. कायदा १८५६ मध्ये झाला होता, तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात विधवेशी लग्न केलं तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. आईच्या घरी मुक्कामाला गेलं तर आईलाही वाळीत टाकू, असा गावाचा ठराव होता. त्याआधी वीस वर्षं, १८७३ मध्ये, सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली. ते लग्नच नव्हे, असं म्हणणारे कमी नव्हते. दक्षिणेचा हक्क बुडाला म्हणून खटले झाले. आणि रजिस्टर लग्नाचा १८७२ चा पहिला कायदा असा होता, की वधूवरांना "आम्ही हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही" असं लिहून द्यावं लागे. आज रजिस्टर लग्न करून आलेल्या जोडप्याला आपण सत्यनारायणाला बसवतो, कोणाला काही वाटत नाही.

गुरुजींना गळ घालू नका. कोणी मनाने आले तर या म्हणावं, नाही म्हणाले तर रागावू नये, त्यांची श्रद्धा त्यांच्यापाशी. अंतरपाट धरायला, मंगलाष्टका म्हणायला घरची माणसं पुरतात.

यजमानांशी वाद घालू नका. माळकरी माणसाला मनुस्मृती ऐकवून काही होणार नाही, ते त्यांचं दैवतच नव्हे. वारीत ते काय करतात ते तुम्ही पाहिलंय. समोर येईल त्याला 'माउली' म्हणून वाकतात, जात विचारत नाहीत, लग्न झालंय का विचारत नाहीत. ज्ञानोबा पुरुष, तेही माउली. विठोबा, तोही विठाई. हे मी त्यांना पटवायला सांगत नाही, त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. कार्तिकीला ते पंढरपूरला जाणार असतील तर जाऊ द्या, परत येईपर्यंत विषय काढू नका. आल्यावर एकच सांगा: "लेकीच्या मृत्युपत्रावर मी साक्षीदार म्हणून सही करणार आहे." त्या एका वाक्यावर त्यांना विचार करू द्या. लग्नाला आले नाहीत तरी लेकीचा फोन आला की 'जेवलीस का' एवढं विचारतील, असं मला वाटतं. तेवढ्याने सुरुवात होते.

गावाचं काय? बोलतील. पंधरा दिवस बोलतील, मग दुसऱ्या कोणाच्या घरचं काढतील. "लेकीच्या घरी कार्य होतं, जाऊन आले" एवढंच उत्तर द्या, पुढे खुलासा करत बसू नका. जिच्याशी तुमचं खरंच सख्य आहे अशा एका बाईला आधीच सांगून ठेवा, म्हणजे हळदीकुंकवाला तुम्ही एकट्या पडणार नाही.

तर हो, जा. आदल्या दिवशी जा, भाजी निवडायला, हातावर मेंदी काढायला आई लागते. आणि त्या दुसऱ्या मुलीच्या घरून कोण येणार आहे, हे लेकीला विचारा. पत्रात तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाही. कोणी येणार नसेल, तर तिच्या बाजूलाही तुम्हालाच उभं राहावं लागेल.

ओटी दोघींची भरायची. खण एकसारखे घ्या, म्हणजे डावं-उजवं वाटणार नाही. तांदूळ मात्र गावाकडूनच न्या, तुमच्या लेकीला तिथला आवडत नसेल.